चौतीस मिलिमीटर

रायपुरातल्या चौबे कॉलोनीतल्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर उजवीकडे वळताना, नालीवरच्या उंचवट्यावरून गाडी खाली उतरली आणि देवीदास रामटेक्यांना पुढच्या चाकाशी ‘खर्र’ असा आवाज ऐकू आला. आवाज फार मोठा नव्हता. दुधाचं करपलेलं पातेलं चमच्यानं खरवडावं तसा, आणि तेवढाच वेळ. शेजारी त्यांची बायको पूर्णिमा आपल्या आईच्या डोळ्यांची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. तिनं काय वाजलं म्हणून विचारलं, आणि “काही नाई, गोटा असन,” असं देवीदास बोलून गेले. बोलल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ते पुष्कळदा गप्प बसले होते, विषय बदलला होता, पेपरात डोकं घातलं होतं. पण सरळ खोटं बोलायला त्यांना आधी तयारी लागायची, आणि तयारी करेपर्यंत वेळ निघून जायची. आज मात्र गोटा तोंडात असल्यासारखा बाहेर पडला. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. अंजनाबाई. वय एक्याऐंशी, वजन छत्तीस किलो. त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नव्हती, कुकरची शिट्टी येत नव्हती. चहा झाला हे सांगायला खांद्याला हात लावावा लागायचा. त्यांनी सीटवर तळहात पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “पूर्णिमा, गाडीचं चाक काहीतरी खाऊन राहिलं.” पूर्णिमानं मागे वळून गोटा होता म्हणून मोठ्यानं सांगितलं. अंजनाबाईंनी वाद घातला नाही. पण शंकर नगरच्या डॉक्टरापर्यंत त्यांचा हात तसाच सीटवर पालथा होता, तापलेल्या पोराच्या पोटावर ठेवावा तसा, आणि देवीदासांना आरशात रस्त्यापेक्षा तो हातच जास्त दिसत होता.

चाकं नवी होती. बसवून चार दिवस झाले होते. त्याआधी गाडीला कंपनीचीच चाकं होती, चौदा इंची, लोखंडी, वर राखाडी प्लास्टिकची टोपी. सात वर्षं त्या चाकांकडे कोणी बघितलं नव्हतं, देवीदासांनीसुद्धा नाही. मग एका संध्याकाळी पूर्णिमाचा भाऊ बंडू आला, चहा घेऊन बाहेर पडला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “जिजाजी, गाडी चांगली आहे, पण चाकं कशी तं दिसतात. जाड्या मानसानं पोराच्या चपला घातल्यावानी.” बंडू स्वतः चांगला जाडजूड होता, त्यामुळे हे त्यानं अनुभवानं म्हटलं असावं. तो स्कूटर चालू करून निघून गेला, पण ते वाक्य फाटकाशी तसंच उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी देवीदासांना रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या पायांपासून वर दिसायला लागल्या. कोणाचे बूट, कोणाच्या चपला. आणि त्यात साक्षीचं ठरत होतं. त्यांची एकुलती मुलगी. तिनं राजनांदगावचा प्रशिक शेंडे नावाचा मुलगा आपला आपण पाहिला होता, आणि आता त्याच्या घरच्यांनी यांना दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. त्या दारात आपली गाडी थांबेल, मुलाचा बाप पुढे येईल, आधी खाली बघेल, मग वर. देवीदासांना तो बाप कसा आहे हे ठाऊक नव्हतं, पण त्याची खाली जाणारी नजर त्यांनी पक्की पाहून ठेवली होती.

विशालच्या दुकानात अलॉय चाकं भिंतीवर देवांच्या फोटोंसारखी लावली होती. विशाल तिशीतला, बोलका. त्यानं सोळा इंची, रुंद, काळ्या-चंदेरी पात्यांची चार चाकं दाखवली, जुनी चाकं बदल्यात घेतो म्हणाला, आणि बसवता बसवता विचारलं, “अंकल, ऑफसेट थोड़ा अलग है, चलेगा ना?” चहात साखर चालेल ना, असं विचारावं तसं. इथे देवीदास गोत्यात आले. कारण ऑफसेट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फक्त चाकांचं काम केलं होतं. फक्त चाकांचं. दोन चाकं आणि मधला आस एकत्र दाबून बसवलेला. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सोळाशे मिलिमीटर, रायपुरातही तेवढेच आणि कन्याकुमारीतही तेवढेच. चाकाची कडा झिजून सोळा मिलिमीटरच्या खाली गेली की चाक बाद. त्या कारखान्यात त्यांना लोक ‘चक्कावाले रामटेके’ म्हणत. चार महिन्यांपूर्वी निरोपाच्या समारंभात तीन जणांनी तीन भाषणांत सांगितलं होतं, की रामटेकेसाहेब नुसत्या नजरेनं अर्धा मिलिमीटर ओळखतात. त्या माणसानं आता या दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, ऑफसेट म्हणजे काय रे भाऊ, असं विचारायचं? देवीदासांनी मान डोलावली. जरा विचार करून डोलावली, म्हणजे विचार केल्यासारखं दिसावं. “एकदम फिट है अंकल,” विशाल म्हणाला, आणि देवीदासांनी नजरेनं बघितलं, आणि नजरेला खरंच सगळं सुंदर दिसलं.

त्या खर्र आवाजानंतर त्यांनी मोठं असं काही केलं नाही. फक्त उजवीकडे वळणं सोडलं. आवाज चाक पूर्ण उजवीकडे वळवलं आणि वर थोडा दणका बसला की यायचा, हे त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं. डावीकडे त्या मानानं बरं होतं. मग ते गल्लीतून डावीकडे निघायचे, लांबच्या मोठ्या चौकात गोल फिरायचे, तिथे चाक फारसं वळवावं लागत नाही, आणि मागे यायचे. भाजीबाजार दहा मिनिटांवर होता तो पंचवीस मिनिटांवर गेला. पूर्णिमा सरकारी कार्यालयात आवक-जावक बघायची. कुठलं पत्र कुठून कुठे गेलं हे तिच्या डोक्यात आपोआप नोंदलं जायचं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “अवो, आपन घरी जाऊन राहिलो का दुसऱ्या कोनाच्या?” रस्ता खोदलाय, ते म्हणाले. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं आणि त्याची त्यांना जास्त भीती वाटली. दुसरा त्रास वजनाचा होता. मागे माणसं बसली आणि गतिरोधक आला की मागची चाकंही तसंच बोलायची. अंजनाबाई बसल्या तरी गाडीला कळायचं नाही, त्या दृष्टीनं त्या आदर्श सासू होत्या. पण ओळखीचं कोणी रस्त्यात भेटून सोडता का म्हणालं की देवीदासांची नजर आधी त्याच्या पोटावर जायची. शेजारचे देशकर गुरुजी भेटले तेव्हा त्यांनी त्यांना डोळ्यांनी तोललं, ऐंशीच्या वर जातील असं वाटलं, आणि मी दुसरीकडे चाललोय म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, मलाही तिकडेच जायचंय. मग देवीदासांना खरोखर तिसरीकडे जावं लागलं.

एका दुपारी, कॉलोनी कूलरच्या आवाजात झोपलेली असताना, त्यांनी पोर्चमध्ये गाडी जॅकवर चढवली आणि पुढचं चाक काढलं. जवळ व्हर्निअर कॅलिपर होता, पोलादी पट्टी होती, वहीतला कागद होता. आधी मोबाइलवर ऑफसेट वाचलं. चाकाच्या रुंदीचा बरोब्बर मध्य जिथे येतो, तिथून हबला, म्हणजे चाक ज्या तबकडीवर आवळतात तिला, टेकणारी बाजू किती दूर आहे, एवढंच ते होतं. एवढंच. पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर चहाच्या एका घोटात कळलं असतं. मग ते मापायला बसले आणि मापायला बसल्यावर त्यांना एकदम बरं वाटलं, चार महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. हातात पोलाद थंड लागत होतं, आकडा लिहिताना ओठ आपोआप हलत होते. डिकीतलं स्टेपनीचं जुनं चाक साडेपाच इंच रुंद, नवं सात. दीड इंच जास्त, त्यातला अर्धा बाहेरच्या बाजूला, म्हणजे एकोणीस मिलिमीटर. जुन्याचा ऑफसेट पंचेचाळीस, नव्याचा तीस. म्हणजे चाक आणखी पंधरा बाहेर. एकोणीस आणि पंधरा. त्यांनी बेरीज पुन्हा केली, मग खालून वर केली. चौतीस मिलिमीटर. मडगार्डच्या कडेखाली जुनं चाक जिथे बसायचं त्यापेक्षा नवं चौतीस मिलिमीटर बाहेर आलं होतं, आणि टायर उंच म्हणून वर दोन बोटं आणखी. बरं वाटणं तिथेच संपलं. अर्ध्या मिलिमीटरवर त्यांनी माणसं रडवली होती. एकदा, खूप वर्षांपूर्वी, कडा साडेपंधरा भरली म्हणून त्यांनी तयार झालेली वॅगन अडवून ठेवली होती. साहेब स्वतः आले, आधे मिलिमीटर में क्या होता है म्हणाले, आणि देवीदास म्हणाले होते, साहब, होता है इसी लिये तो लिखा है। ती गोष्ट त्यांनी घरी इतक्यांदा सांगितली होती की साक्षी लहानपणी पंधरा पूर्णांक एक द्वितीयांश हा अपूर्णांक सगळ्यांत आधी शिकली. त्या गोष्टीतल्या माणसाकडे आता ते कारखान्याच्या फाटकाबाहेरून बघत होते. तो आपल्याला आत सोडणार नाही, असं त्यांना वाटलं.

पण खरा धक्का पुढे होता. हबच्या मधोमध एक गोल नाक असतं, ते चाकाच्या मधल्या भोकात बसतं. हबचं नाक चोपन्न मिलिमीटर भरलं. चाकाचं भोक सदुसष्ट. त्यांनी चाक उचलून हबवर नुसतं टेकवलं आणि हलवून बघितलं. भोकात नाकाच्या चारी बाजूंनी मोकळी जागा होती. म्हणजे चाक हबवर बसलेलंच नव्हतं, नुसतं चार नटांवर टांगलं होतं, नट जसे आवळले जातील तसं इकडे किंवा तिकडे. साठच्या वेगापुढे स्टेअरिंग हातात थरथरतं, ते वयामुळे आपलेच हात थरथरतात असं त्यांनी गेले आठ दिवस मनात धरलं होतं आणि त्यावर रक्तदाबाची गोळीही वेळेवर घेतली होती. आता कळलं की हात ठीक आहेत. हे कळून आनंद व्हायला हवा होता. त्यांना दिसलं ते एवढंच, की या चाकावर आपण आईंना डोळ्यांच्या डॉक्टराकडे नेलं. दोनदा. इतक्यात साक्षी स्कूटीवरून आली. ती उरला या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात लोखंडाची तपासणी करायची, तिच्या भुवयांवर कायम तिथली बारीक धूळ असायची. तिनं जॅकवरची गाडी बघितली, जमिनीवर पडलेलं चाक बघितलं. क्या हुआ म्हणून विचारलं. हवा भरून राहिलो, ते म्हणाले. “हवा के लिए चक्का निकालते हैं, पापा?” ती म्हणाली. उत्तराची वाट न बघता आत गेली. देवीदासांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते विशालकडे गेले. जुनी चाकं परत दे, म्हणाले. ती गेली होती. उरल्याला कामगारांची ने-आण करणाऱ्या कोणीतरी नेली होती आणि आता ती कुठल्या पाळीला कुठे फिरत असतील, हे विशाललाही ठाऊक नव्हतं. भोकातल्या पोकळीसाठी रिंग मिळते, तो म्हणाला, मागवून देतो, आठ दिवस. आणि घासण्याचं? विशालनं खाली बसून मडगार्डच्या आतून हात फिरवला. कड जरा ठोकून वर वळवता येईल म्हणाला. नाहीतर राहू द्या. “अंकल, थोड़े दिन घिसेगा, फिर अपनी जगह खुद बना लेगा।” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, चाकं आणि मडगार्डं यांच्या भांडणांत तो लहानाचा मोठा झाला होता आणि त्याचा अनुभव तसा असेल. देवीदास ते वाक्य घेऊन डावी-डावीकडे वळत घरी आले. त्यात तथ्य होतं, हेच त्यांना खुपत होतं. जगात पुष्कळ गोष्टी अशाच बसलेल्या होत्या. त्यांचे वडील नत्थू रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागले तेव्हा त्यांना नऊ नंबरचे बूट मिळाले, पाय सातचे. पुढे चिंध्या कोंबून त्यांनी नोकरी काढली आणि पायच हळूहळू तसे झाले. पूर्णिमा लग्न होऊन आली तेव्हा तिला सकाळी गाणी लावायची सवय होती आणि यांना शांतता. पाच-सहा वर्षं घासलं, मग जागा झाली, म्हणजे गाणी बंद झाली. कोणाची जागा कोणी घासून केली, हे कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. असा विचार त्यांनी यापूर्वी कधी केला नव्हता आणि गाडी चालवताना करण्यासारखा तो नव्हताही. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला.

रविवार जवळ येत होता. सत्तर किलोमीटर, सरळ महामार्ग, ऐंशीचा वेग, पाच माणसं. देवीदासांनी कागदाच्या मागच्या बाजूला पाच नावं लिहून पुढे अंदाजे किलो लिहिले. आपण बहात्तर, पूर्णिमा चौसष्ट, साक्षी बावन्न, आई छत्तीस. बंडूपुढे प्रश्नचिन्ह. बंडू आला तेव्हा चहा देता देता त्यांनी सहज विचारलं, की बंडू, तुझं वजन किती असेल रे. बंडूचा चेहरा उतरला. ताईनं काही सांगितलं का, त्यानं विचारलं; त्याला शुगर निघाली होती आणि ते त्यानं घरात लपवलं होतं. “एकशे चौदा,” तो हळूच म्हणाला, “पन कमी करून राहिलो, जिजाजी.” मग तो अर्धा तास आपल्या तब्येतीबद्दल बोलला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि जाताना म्हणाला की या घरात माझी कोणाला काळजी असेल तर ती तुम्हालाच. देवीदासांनी आत जाऊन कागदावर एकशे चौदा लिहिलं. लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण आकडा बरोबर लिहिला. तू ट्रेननं ये, असं बंडूला सांगण्याचा आता प्रश्नच उरला नव्हता.

रविवारी सकाळी आठ वाजता सगळे तयार होते. पूर्णिमानं मोरपंखी साडी नेसली होती, साक्षीच्या भुवया स्वच्छ होत्या, मिठाईचा डबा अंजनाबाईंच्या मांडीवर होता. बंडू मागे मधोमध बसला आणि गाडी खाली गेली. देवीदासांनी फाटक उघडलं, परत आले, आणि गाडीत बसण्याआधी सवयीनं एकदा मागच्या चाकाकडे बघितलं. टायरच्या वर मडगार्डची कड टेकली होती. बोट जाईना. ते तिथे उभेच राहिले. चालवता येईल, त्यांना वाटलं. हळू नेऊ, पन्नासनं, गतिरोधकावर बंडूला सांगू की उतर जरा, पाय मोकळे कर. हे सगळं त्यांच्या डोक्यात इतक्या शहाणपणानं आलं की त्यांना ते कोणा साहेबाच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. साक्षीनं काच खाली केली. पापा, चलें? त्यांनी किल्ली खिशात टाकली.

“गाडी जानार नाई,” ते म्हणाले. “गाडी सिक आहे.” कारखान्यात बाद झालेल्या वॅगनला ते असंच म्हणत, घरात हा शब्द गाडीसाठी कोणी ऐकला नव्हता. बंडूनं आतून विचारलं, चालून तर राहिली, काल तुमी भाजी नाई का आणली.

“भाजीले चालते,” देवीदास म्हणाले. “तुले नाई चालत.” मग बंडूचं तोंड बघून त्यांनी घाईनं जोडलं, “कोनालेच नाई चालत. चाक बसलं नाई बरोबर. घासते, आन ढिलं आहे.”

पूर्णिमा खाली उतरली. तिनं दार लावलं, पदर सारखा केला. “कवापासून?”

“पयल्या दिवसापासून.”

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

यावर देवीदासांकडे तीन-चार उत्तरं होती, सगळी तांत्रिक. त्यांनी खिशातला कागद काढला आणि परत ठेवला. “दुकानात त्यानं इचारलं, तवा मले समजलंच नाई. आन चाकाचं कोनाले इचारायची मले लाज वाटली,” ते म्हणाले. वाक्य संपल्यावर सगळे चेहरे एकदम त्यांच्याकडे वळले, त्यावरून अंजनाबाईंना काहीतरी घडलंय हे कळलं. त्यांनी काय झालं म्हणून मुलीचा हात ओढला. पूर्णिमानं काचेतून वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं, चाक चुकीचं आहे. “ते मी त्या दिवशीच सांगतलं,” अंजनाबाई म्हणाल्या आणि मिठाईचा डबा सांभाळत उतरायला लागल्या. मग बंडू उतरला. तो उतरला तशी गाडी सुस्कारा सोडल्यासारखी दोन बोटं वर आली, आणि बंडूनं ते बघितलं. देवीदास मुलीकडे बघायचं टाळत होते. तिचा आजचा दिवस होता, तिकडे लोक वाट बघत होते, आणि बापानं पोर्चमध्येच गाडी बाद केली होती. साक्षीनं मोबाइल काढला, कोणाला तरी दोन ओळी लिहिल्या, आणि म्हणाली, “ट्रेन कितने बजे है, पापा?” हे मात्र त्यांना पाठ होतं.

ट्रेनला रविवारची गर्दी नव्हती. बंडू आणि आई एका बाजूला, साक्षी खिडकीशी कानात गाणी घालून. पूर्णिमा देवीदासांच्या शेजारी. देवीदास पायाखालच्या चाकांचा आवाज ऐकत होते, त्यात कुठे काही खटकत नव्हतं, आणि तेच त्यांना आज टोचत होतं. दुर्ग आल्यावर पूर्णिमा म्हणाली, की तो कागद दाखवा. त्यांनी दिला. मागच्या बाजूला नावं आणि किलो होते. तिनं आपला आकडा बघितला, चौसष्टच्या जागी पेन मागून एकसष्ट केले, आणि पान उलटलं. मग त्यांनी सांगितलं. मध्य म्हणजे काय, टेकणारी बाजू म्हणजे काय, आकडा कमी झाला की चाक बाहेर कसं येतं. दोन तळहात समोरासमोर धरून दाखवलं. ती ऐकत होती, मधे मधे थांबवून विचारत होती, आणि तिनं विचारलं की त्यांना स्वतःलाही जास्त स्पष्ट होत होतं. पंधरा इंची घ्यायचं, सहा इंच रुंद, ऑफसेट पंचेचाळीसच. म्हणजे बाहेर फक्त सहा-साडेसहा मिलिमीटर, टायर जरा बुटका घेतला की उंची जवळपास जुन्याइतकीच. आणि भोकाला रिंग, किंवा भोकच चोपन्नचं. हे ते पहिल्यांदाच सलग बोलले होते. “मंग बरोबर कोनतं, ते कुठं लिवलं नसते का?” तिनं विचारलं. ते म्हणाले, तसं लिहिलेलं नसतं, काढावं लागतं. तिनं कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, “ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर तो पांढरा कागद चिकटवला आहे ना, त्याच्यावर चाकाचा नंबर आहे. पंधराचापन आहे. तुमी हवा भरता तवा मी बाहेर उभी राहून तोच वाचतो.” देवीदासांनी सात वर्षं रोज ते दार उघडलं होतं. त्यांना तो कागद आठवत होता. त्यावर त्यांनी पार्किंगच्या पावतीचं स्टिकर चिकटवलं होतं, अर्ध्यावर. त्यांना हसू आलं आणि ते दाबण्यात काही अर्थ नव्हता. पूर्णिमाही हसली, पण जरा उशिरा, आणि हसून झाल्यावर म्हणाली, “आता गोटा म्हनू नका कवाच.”

राजनांदगावला पोचायला दीड तास उशीर झाला. प्रशिक स्टेशनवर घ्यायला आला होता, उंच, लाजरा, साक्षीशी हिंदीत आणि बंडूशी मराठीत बोलणारा. घराच्या दारात अनंतराव शेंडे उभे होते, मुलाचे वडील, बँकेतून निवृत्त, पांढरा शर्ट, जय भीम म्हणताना पुढे वाकणारे. त्यांची नजर खाली गेली नाही. खाली बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळे रिक्षानं आले होते. ते एवढंच म्हणाले, की तुमची गाडी आहे असं पोरानं सांगितलं होतं. देवीदास वाक्य जुळवत होते. तेवढ्यात अंजनाबाईंनी, ज्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता पण चेहरे दिसत होते, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात घरांच्या सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या जवाईनं चाकं चुकीची घेतली. त्याईले समजलंच नाई.” प्रशिकची आई तोंडावर पदर घेऊन आत गेली. साक्षीनं डोळे मिटून घेतले. देवीदास म्हणाले, होय, खरं आहे.

अनंतरावांनी सगळ्यांना आत नेलं. जेवणं होईपर्यंत ते फारसे बोललेच नाहीत, वाढत राहिले, आणि देवीदासांना वाटलं की झालं, यांनी आपल्याला मापलं. हात धुतल्यावर मात्र त्यांनी देवीदासांना एकट्यांना मागच्या ओसरीत बोलावलं. तिथे जुन्या चादरीखाली काहीतरी मोठं होतं. अनंतरावांनी आतल्या दाराकडे एकदा बघून चादर उचलली. सागवानी दिवाण होता, नक्षीचा, भारी. नव्या घराच्या बैठकीसाठी मुद्दाम बनवून घेतलेला, ते हळू आवाजात म्हणाले, सुताराला माप मीच दिलं. बैठकीचं दिलं. दाराचं घेतलंच नाही. “तीन वर्ष झाले. घरात कोनी पाव्हना आला का हिनं चादर टाकायची आन आपन इकडं आनायचंच नाई कोनाले.” असं म्हणून ते दिवाणाकडे बघत उभे राहिले.

देवीदासांनी विचारलं, दार किती आहे. तीस इंच. आणि दिवाण? रुंदीला छत्तीस, उंची पायांसकट एकतीस. पाय न काढता कुशीवर घालून बघितला का? बघितला होता, चारदा. एका इंचासाठी अडतो, आणि पाय निघत नाहीत, सुतारानं डिंकानं पक्के केलेत. देवीदास नवी पँट सावरून गुडघ्यावर बसले, मग कोपरावर, मग पाठीवर झोपून दिवाणाखाली शिरले. खाली कोळिष्टकं होती आणि लाकडाचा छान वास होता. त्यांनी पायाच्या सांध्यावर नख फिरवलं. धूळ आणि पॉलिशचा थर निघाला, खाली बोटाला काहीतरी थंड आणि षट्कोनी लागलं. “शेंडेसाहेब,” ते म्हणाले, “डिंक नाई. बोल्ट आहे आत. पाना आहे का घरात, चौदा नंबरचा?” थोड्या वेळानं अनंतराव पाने घेऊन आले, एक नाही, अख्खा डबा, आणि कोणता चौदाचा हे त्यांना कळत नव्हतं म्हणून तेही आडवे होऊन डब्यासकट खाली शिरले. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. पहिला बोल्ट फिरला तेव्हा अनंतरावांनी श्वास रोखून धरला होता.

ओसरीच्या दारात पावलं वाजली. देवीदासांना खालून फक्त पाय दिसले, साक्षीचे, नव्या सँडलमधले, तिच्या मागे जरा अंतरावर प्रशिकचे. “पापा, अंदर सब बुला...” ती म्हणाली आणि थांबली. दिवाणाखालून चार पाय बाहेर आले होते, दोन पांढऱ्या मोज्यांतले, दोन काळ्या. मग तिचे पाय सावकाश वळले, प्रशिकचेही वळले, आणि दार हलक्या हातानं ओढून घेतलं गेलं. देवीदासांनी अनंतरावांकडे हात पसरला आणि दुसरा पाना मागितला.